ॲड्रिनलमध्ये एकच गाठ, तीही पसरलेल्या कॅन्सरची: ऑपरेशन करावं का?

घोडबंदरकर
माझ्या सासऱ्यांचं वय ६८. चार वर्षांपूर्वी किडनीच्या कॅन्सरमुळे डावी किडनी काढली, सोबत तिच्यावरची ॲड्रिनल ग्रंथीही गेली. आता पेट स्कॅनमध्ये उजव्या ॲड्रिनलला साडेतीन सेंटिमीटरची गाठ आहे, बाकी कुठेच काही नाही. ठाण्यातले सर्जन दुर्बिणीतून काढू म्हणतात. घरात मात्र सगळ्यांचं एकच पालुपद, "पसरला म्हणजे संपलं, आता कापाकापी कशाला?"

मला हे अजिबात पटत नाही. पसरलेला म्हणजे सगळीकडे पसरलेला असं नसतं. हेलमन आणि वाइक्सेलबाउम या डॉक्टरांनी १९९५ मध्येच मांडलंय की मधली एक अवस्था असते, मोजक्याच गाठींची, आणि त्या काढल्या तर काही पेशंटना बरीच वर्षं मिळतात. किडनीचा कॅन्सर तर वर्षानुवर्षं गप्प बसून एखाद्याच ठिकाणी उगवतो. चार वर्षं मध्ये गेली ही जमेची बाजू आहे. माझं मत: काढावी. तुम्हाला काय वाटतं?

सुजाता_ऐरोली
ताई, माझा विरोध आहे, आणि कारण अनुभवाचं आहे. एक ॲड्रिनल आधीच गेलीय, दुसरीही काढली की शरीरात कॉर्टिसॉल, म्हणजे जगायला लागणारं स्टिरॉइड संप्रेरक, बनणारच नाही. त्याऐवजी हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या जन्मभर, एक दिवसही चुकवून चालत नाही. ताप आला की डोस वाढवायचा.

माझ्या आईच्या दोन्ही काढल्या आहेत. एकदा रात्री तिला उलट्या सुरू झाल्या, गोळी पोटात टिकेना, बीपी ८०च्या खाली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी बाहेरचं खाल्लं असेल म्हणून नुसतं सलाइन लावलं. मी पर्समधलं, ॲड्रिनल नाहीत असं लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड आणि हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिलिग्रॅमची व्हायल समोर धरली, तेव्हा कुठे स्टिरॉइड दिलं. तासाभरात ती बोलायला लागली. मी घरी नसते तर? तुमच्याकडे दिवसा सासऱ्यांजवळ कोण असतं, हे आधी बघा.

खारघरचा_मंदार
मी रेडिएशन विभागात काम करतो, त्यामुळे कल तिकडे आहे हे आधीच सांगतो. पोटाला हात न लावता नेमकं रेडिएशन, एसबीआरटी, मोजक्या सिटिंगमध्ये होतं. एक ते पाच गाठी असलेल्या ९९ पेशंटवर सेबर-कॉमेट चाचणी झाली: पाच वर्षांनी रेडिएशनच्या गटात सुमारे ४२ टक्के हयात, नेहमीच्या उपचारांवर सुमारे १८ टक्के. पण रेडिएशन घेतलेल्या ६६ पैकी ३ जण उपचारांमुळेच दगावले, तेही लपवू नये. त्यात वेगवेगळे कॅन्सर होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे सासऱ्यांना लावू नका. फाइल एकदा ॲक्ट्रेकला, टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात, दाखवा.

घोडबंदरकर
मंदारदादा, रेडिएशननेही ती उरलेली ग्रंथी निकामी होऊ शकते. मग गोळ्या आल्याच! शिवाय गाठ हातात येत नाही, ती नक्की कशाची हे पॅथॉलॉजीला कळत नाही.

नौपाडा_७१
मुळात ती कॅन्सरचीच आहे हे कुणी ठरवलं? ॲड्रिनलला साध्या गाठी पुष्कळांना असतात, आणि त्याही कधीकधी पेटवर चमकतात. तुकडा तपासायला सुई घालायची असेल (बायोप्सी) तर आधी मेटानेफ्रिनची, रक्ताची किंवा लघवीची, तपासणी करून घ्या. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे बीपी वाढवणारी संप्रेरकं सोडणारी ॲड्रिनलची गाठ, निघाला आणि त्यात सुई गेली, तर बीपी भडकून जिवावर बेततं. आणि घाई कसली? तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन करा. तोवर फुप्फुसात आणखी चार डाग दिसले, तर ऑपरेशन वाया गेलं असतं हे कळेल.

घोडबंदरकर
मेटानेफ्रिन उद्याच विचारते. पण थांबायला माझा नकार आहे. उजवी ॲड्रिनल मोठ्या शिरेला, व्हेना कावाला, अगदी चिकटून असते, आणि तिची स्वतःची शीर आखूड, थेट त्यातच उघडते. गाठ वाढली की दुर्बिणीचं काम अवघड होत जातं. आज सर्जन हो म्हणतायत, तीन महिन्यांनी म्हणतील का?

सुजाता_ऐरोली
माझं मत तरीही रेडिएशनच. त्यात ग्रंथीचा थोडा भाग कामाचा राहण्याची निदान आशा असते. पण ऑपरेशन ठरलंच, तर आधी एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, भेटा. डिस्चार्जआधी मांडीत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन कसं द्यायचं ते घरातल्या दोघांनी शिका, एकट्या तुम्ही नको.