मदत हवी आहे: ताज्या संत्र्यांची बर्फी कडू न होता कशी करायची?

नमस्कार मंडळी, वरूडहून मामांनी मृग बहाराची संत्री पाठवली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारी ही फळं अंबिया बहारापेक्षा, म्हणजे ऑक्टोबर-डिसेंबरच्या सुमारास येणाऱ्या संत्र्यांपेक्षा, गोड असतात, म्हणून यंदा इसेन्स न घालता, खऱ्या गराची नागपुरी संत्रा बर्फी करायची खूप इच्छा आहे.

अडचण कडूपणाची आहे. बिया आणि फोडींवरची पांढरी साल राहिली, तर गर शिजवल्यावर कडवट होतो, हे माहीत आहे. ते सगळं काढून टाकते. पण नीट सोललेला गरही आटवताना किंचित कडवट लागतो. साखर आधी घालून आटवल्यास फरक पडतो का? कमी आचेवर करावं की भराभर आटवावं?

दुसरं म्हणजे खवा. संत्र्याच्या आंबटपणाने तो फुटून रवाळ होईल अशी भीती वाटते. गर पूर्ण घट्ट झाल्यावरच घालायचा ना? काहीजणी कोहळ्याचा कीसही घालतात, त्याचं प्रमाण किती?

स्वादासाठी सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसून घालणार आहे. तो गरासोबत शिजवायचा की गॅस बंद केल्यावर? विदर्भातल्या ताई-काकूंनी जरूर सांगा, फळं फार दिवस टिकणार नाहीत.