बाइकला लाकडी साइड पॅनल आणि पट्ट्या करायच्यात, कोणतं लाकूड आणि कसं बसवायचं?

मंडळी, माझ्या जुन्या बाइकचे दोन्ही साइड पॅनल तडकलेत. प्लास्टिकचे नवे आणण्यापेक्षा लाकडाचे स्वतः घडवावेत असं फार दिवस मनात आहे. घरी आजोबांच्या कपाटाचं सागवानी दार पडून आहे, चाळीसेक वर्षांचं तरी असेल, ते फेकवत नाही म्हणून त्यातूनच पॅनल, टाकीवर मधोमध एक पट्टी आणि जमलं तर हँडल ग्रिपसुद्धा करायचा विचार आहे. रंधा, पटाशी, कानस चालवता येते पण बाइकवर लाकूड कधी बसवलेलं नाही. ऊन, पाऊस, पेट्रोल, हादरे यात टिकेल का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

रंधेवाला
दार अजिबात फेकू नका, इतकं मुरलेलं सागवान विकत शोधायला गेलात तर मिळत नाही. पण सुरुवात फक्त पॅनलपासून करा. जुना पॅनल पुठ्ठ्यावर ठेवून आखा, तो पुठ्ठा गाडीवर धरून बघा, पाय टेकवताना किक मारताना गुडघा घासतो का ते बघा आणि मगच करवत उचला.
आता माझी चूक सांगतो. पहिल्या जोडीला मी स्क्रू बरोब्बर मापाच्या भोकात गच्च आवळले होते, पहिल्याच पावसात एक पॅनल उभा चिरला. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे एक भोक नेमकं ठेवा आणि बाकीची आडव्या दिशेने लांबट करा, मागे-पुढे रबर वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने सैल न होणारा). रबरामुळे हादरेही खाल्ले जातात. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, साधं लोखंड गंजून लाकडावर काळे डाग उमटवतं.

पॉलिशपेपर
वरच्याशी सहमत. फिनिशबद्दल लिहितो कारण बहुतेक कामं तिथेच बिघडतात. सागवानात मुळात तेल असतं म्हणून कोटिंग सोलून निघतं, तर पहिला हात मारायच्या जस्ट आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या. पॉलिश पेपर 120, 180, 240, 320 असा चढवत न्या आणि रेषांच्या दिशेनेच घासा, आडवा ओरखडा वॉर्निशखाली दुप्पट दिसतो.
इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं रेझिन) लावलीत तर तेवढ्यावर थांबू नका, उन्हात ती पिवळी पडते आणि नंतर खडूसारखी होते, तिच्यावर यूव्ही झेलणारं टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं, पारदर्शक पॉलियुरेथेन वॉर्निश हवंच. ते पूर्ण वाळलं की पेट्रोलचे थेंबही सोसतं. त्याच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसाला वाईट असते, बंद खोलीत स्प्रे करू नका, केमिकलचा मास्क लावा, साधा धुळीचा चालत नाही. आणि मागची बाजू, कडा, भोकांच्या आतसुद्धा कोट गेला पाहिजे, पाणी नेहमी तिथूनच शिरतं. सगळे लोक समोरून चकचकीत करतात आणि पाठ कोरडी सोडतात, मग फळी वाकली की लाकडाला दोष.

दोनचाकी_वेडा
ग्रिपचा विचार सोडा हो, मनापासून सांगतोय. उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटरची नळी फिरते, त्यावरचा ग्रिप जाड झाला किंवा कडेला घासला तर मूठ सोडल्यावर ती मागे येणार नाही आणि ओल्या हाताला पॉलिश केलेलं लाकूड सटकतं. हौस असेल तर हँडलच्या टोकाचे वजनाचे तुकडे असतात त्यांना लाकडी टोपी करा, सुंदर दिसते. सायलेन्सर आणि सिलिंडरजवळ तर लाकडाची एक ढलपीसुद्धा नको.
बाकी लाकूड आणि बाइकचं नातं नवीन नाही, 1885 साली डाइमलर आणि मायबाख यांनी बनवलेल्या राइटवागन या पेट्रोल इंजिनच्या सुरुवातीच्या दुचाकीची चौकट लाकडाचीच होती. मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

धागाकर्ता
खूप आभार सगळ्यांचे. ग्रिप रद्द. टाकीच्या पट्टीचं काय? भोक पाडायचं नाही एवढं कळतं.

रंधेवाला
भोक कधीच नाही. टाकी दोन्ही दिशांनी गोल असते त्यामुळे जाड फळी टेकणार नाही आणि रुंद वेनिअरला (लाकडाच्या पातळ पापुद्र्याला) सुरकुत्या पडतील. अर्ध्या मिलिमीटरच्या वेनिअरची अरुंद पट्टी, बोटभर रुंद, कोमट पाण्याने ओली करून टाकीवर चिकटपट्टीने बांधून वाळवा म्हणजे आकार घेते, नंतर इपॉक्सीने चिकटवा. चिकटवायच्या जागी टाकीचा रंग जरा खरवडून घ्या. झाकणापासून चार बोटं लांब ठेवा. पण हे पॅनल झाल्यावर, सहा महिने ते कसे वागतात बघून.

धागाकर्ता
बरं. पॅनलची जाडी किती ठेवू? दार 25 मिमीचं आहे.

रंधेवाला
मधे 10 मिमी, कडेला 6 पर्यंत उतरवा. स्क्रूच्या जागी 10 च्या खाली जाऊ नका. आणि दारातले जुने खिळे आधी चुंबक फिरवून शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच.