आईचा रिपोर्ट: उपाशीपोटी शुगर १०८ पण एचबीएवनसी ६.६, मग डायबिटीस आहे का नाही?

नमस्कार मंडळी, थोडी मदत पाहिजे होती. आईचं (वय ५८, नागपूर) फुल बॉडी चेकअप केलं, ते घरी येऊन ब्लड नेतात नं, ते पॅकेजवालं. रिपोर्टमध्ये जागोजागी ठळक एच (जास्त) अन् एल (कमी), ते पाहिल्यापासून आईनं साखर, भात सगळं बंद केलं, अन् शेजारच्या काकूंनी मेथीदाणे भिजवायला लावले ते वेगळंच.

उपाशीपोटी शुगर १०८, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.६, हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ७१, थायरॉइडचं टीएसएच ५.८ (रेंज ०.४ ते ४.२). किडनी-लिव्हर ठीक. खाली लिहून आहे ६.५ च्या वर डायबिटीस, पण उपाशीपोटी तर १२६ लागते नं? मग कोणतं खरं धरायचं? अन् मामाला सिकल एएस (सिकल सेलचा वाहक) निघालं होतं, आईचं कधी केलंच नाही, त्याचा काही संबंध? धंतोलीतल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर ही बाई नीट जेवून नाही राहिली.

प्रतिसाद: ताई, मी लॅबमध्येच आहे. सगळे एच सारखे नसतात. टीएसएचची रेंज म्हणजे धडधाकट लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे, म्हणजे विसातला एक निरोगी माणूस तसाही बाहेर पडतो, अन् एवढ्या टेस्ट केल्या की एखादा एच येतोच. १२६ अन् ६.५ तसे नाहीत, त्याच्या पुढे डोळ्याच्या पडद्याला त्रास वाढताना दिसला म्हणून ठरवलेले आकडे आहेत. पण एचबीएवनसी मोजतात लाल पेशींवरून. आयर्न कमी असलं की जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं अन् आकडा खोटाच वर जातो, सिकल असलं तर काही मशीनवर तो वर-खाली येतो. म्हणून आधी फेरिटिन (अंगातला आयर्नचा साठा) अन् सिकलसाठी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी टेस्ट) करा, अन् शुगरचा निकाल ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघा, २०० किंवा वर गेली तर डायबिटीस. १०८ म्हणजे काठावरची, तेवढी खरीच आहे. टीएसएच ५.८ वर सहसा लगेच थायरॉइडची गोळी देत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) सोबत परत करतात, १० च्या वर गेलं तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ती: थँक्यू दादा! मग आयर्नची गोळी आजच चालू करू का?

प्रतिसाद: नको बाप्पा, आधी फेरिटिनला रक्त देऊन घ्या. अन् सगळे शुगरच्या मागे लागले, मला तर तो हिमोग्लोबिनचा एल जास्त खटकून राहिला. बायकांना १२ च्या खाली ॲनिमिया धरतात. पाळी बंद झालेल्या बाईचं आयर्न कमी निघालं तर ते जातंय कुठं, पोटातून तर रक्त जात नाही नं, हे शोधावंच लागते. संडास काळी होते का, वजन उतरलं का, दुखण्याच्या गोळ्या रोज चालू आहेत का, एवढं आजच विचारा अन् लिहून न्या. काळी होत असली तर पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. अन् भात खाऊ द्या त्यांना.

धागाकर्ती: गुडघ्यासाठी पेनकिलर घेते ती, वर्षभर झालं. हे तर डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, उद्याच फोन करते.