मदत हवी आहे: साच्यातून गोळी दीड थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक पडते

ओहायोवासी
लोकहो, डोकं फिरलंय. पॉइंट ३८ स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओततो. त्यासाठी दोन कॅव्हिटीचा (गोळीच्या दोन खोबणींचा) नवाकोरा साचा घेतला, ०.३५८ इंचाचा. गोळी पडते ०.३५६५. नळीत शिशाचा लेप बसतोय आणि नेम वाटेल तिकडे जातोय. विकणाऱ्याला मेल टाकून आठवडा झाला, उत्तर नाही. साचा मोठा कसा करायचा तेवढंच सांगा. शनिवारी रेंजवर जायचंय.

भोसरी_टूलरूम
साचा ॲल्युमिनियमचा की बिडाचा? मोजलं कशाने? शिसं कुठलं? कॅलिपरने मोजलं असेल तर दशांशानंतरचा चौथा आकडा विसरा. मायक्रोमीटर आणा.

ओहायोवासी
ॲल्युमिनियम. कॅलिपरच आहे, पण चांगला आहे. शिसं म्हणजे शिसंच, त्यात काय?

नियमाने_चाला
असले उद्योग करण्याआधी कायदा वाचा. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.

ओहायोवासी
मी ओहायोत आहे हो. आयडी तरी वाचा.

टेक्सासचा_तात्या
साच्याला हात लावू नका. पावडर कोटिंग करा. डब्यात रंगाची कोरडी पावडर आणि गोळ्या घालून खुळखुळवा, मग टोस्टर ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटं. दीड-दोन थाउ आपोआप वाढतात, नळीत लेपही नाही. मी चार वर्षं हेच करतोय. तो ओव्हन परत खाण्याला वापरायचा नाही, हे मात्र घरच्यांना आधी सांगा. मी नंतर सांगितलं होतं.

भोसरी_टूलरूम
तात्या, रंग फासून माप आणणं म्हणजे ढिल्या बेअरिंगखाली कागद सारणं. साचा लॅप करा, म्हणजे आतून घासून मोठा करा. एक गोळी ओता, बुडात भोक पाडून स्क्रू बसवा, गोळीला व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावा, साचा मिटा आणि हलक्या हाताने फिरवा. दहा फेऱ्या, मग धुवा, ओता, मोजा. ॲल्युमिनियम भराभर कापलं जातं. जास्त गेलं की गेलंच.

टेक्सासचा_तात्या
म्हणजे शनिवारपर्यंत साचा भंगारात.

डेट्रॉइटची_ताई
तुम्ही दोघं भांडा. त्याआधीचा उपाय: डक्टवर लावतात ती ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये, कॅव्हिटीपासून लांब, बारीक तुकडे चिकटवायचे. साचा तेवढाच उघडा राहतो. गोळी जरा लंबगोल पडते, सांध्यावर पापुद्रा येतो, पण साइझरमधून (ठरलेल्या मापाच्या भोकातून गोळी दाबून काढणारं साधन) काढली की झालं. नाही आवडलं तर पट्टी सोलून टाका.
पण ओहायोवासी, सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) घरांची तोंडं मोजलीत का? ती ०.३५७ असतील तर ०.३५८ ची गोळी तिथेच दाबली जाणार. आणि ओतलेली गोळी दिसते कशी? कडा धारदार की गोलसर?

ओहायोवासी
गोलसर. थोड्या सुरकुत्याही आहेत. तोंडं नाही मोजली.

खिळेजुळारी
मला बंदुकीतलं कळत नाही, पण आमचा छापखाना होता. नुसतं शिसं गार होताना आकसतं, शिवाय खिळा (छपाईचं धातूचं अक्षर) मऊ होऊन दाबाखाली बसतो. म्हणून अँटिमनी आणि कथील घालतात. लायनोटाइपच्या (छपाईच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत शिसं ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के. वडील खिळ्यावर नख ओढून बघायचे. नख रुतलं की माल परत.
अवांतर: आमच्याकडे 'ळ' कायम कमी पडायचा. मग जाहिरातीतलं 'सकाळी' काढून 'प्रातःकाली' करायचे.

ओहायोवासी
नख रुततं. जुन्या छपराचे शिशाचे पत्रे वितळवलेत. सांगायचं राहिलं.

भोसरी_टूलरूम
"शिसं म्हणजे शिसंच."

डेट्रॉइटची_ताई
मग साचा सोडा, पातेल्यात बघा. छपराचं शिसं जवळपास शुद्ध असतं. तीन भाग ते आणि एक भाग लायनोटाइप धरा, अँटिमनी ३ टक्क्यांवर येईल. सुरकुत्या म्हणजे साचा थंड आहे किंवा आत तेल राहिलंय. साबणाने घासा, पूर्ण वाळवा, पहिल्या वीसेक गोळ्या परत पातेल्यात टाका. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं मिसळणार असाल तर जस्ताची वेगळी काढा. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला, त्यामुळे आच कमी ठेवली तर ती वर तरंगतात. वितळलं तर सगळा घाणा लापशीसारखा होतो.

दोन_मुलांची_आई
गॅरेजचं दार उघडं ठेवा, ते बूट घरात आणू नका आणि पातेल्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका. हे कुणीच कसं लिहिलं नाही?

मालवणी_गळ
आम्ही जाळ्याची शिशी ओततो. बारीक पडली म्हणून माशाने कधी तक्रार केली नाही. बरं, ओतताना भोकात घालायची सळी चिकटते, त्याला काय करावं?

ओहायोवासी
अपडेट. मायक्रोमीटर आणला. जुन्या गोळ्या मुळात ०.३५७ होत्या, कॅलिपर अर्धा थाउ खात होता. लायनोटाइप मिसळून, साचा धुऊन काल रात्री ओतल्या. एक कॅव्हिटी ०.३५८, दुसरी ०.३५७५. कडा धारदार. सिलिंडरची तोंडं आज मोजतो, रेंज पुढच्या शनिवारी.

टेक्सासचा_तात्या
दुसऱ्या कॅव्हिटीच्या गोळ्यांना पावडर लावा.

मालवणी_गळ
सळीचं कोणी सांगेल का?