सायकल चालवणाऱ्याने जिम लावावी का?

मधला_गिअर:

रोड बाईक, आठवड्याला चार राईड. दोन साध्या तासाभराच्या, एक इंटर्व्हल्सची (थोडा वेळ जोरात, मधे हळू) आणि रविवारी ८० ते १०० किमी. वजन ७० किलो, एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल पॉवर) २४० वॅटच्या आसपास. साडेचार महिन्यांनी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) आहे.

जिम लावून नेमकं हाती काय लागतं? पायांचा व्यायाम सायकलवर होतोच आहे. एक सल्ला मिळतो की हलकी वजनं घ्या, पंचवीस-तीस रेप्स (आवर्तनं) मारा, दम वाढेल. दुसरा मिळतो की जिमच्या नादी लागलात तर मांड्या फुगतील आणि चढावर रडाल. मोठा गिअर टाकून ५०-६० कॅडन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) चढ चढलो तर तीच ताकद येणार नाही का? आणि जायचंच झालं तर कोणत्या दिवशी जावं, म्हणजे रविवारची राईड वाया जाणार नाही?

चेनलाइन_सरळ:

आधी आकडे मांडू, अर्धं उत्तर त्यातच आहे.

२०० वॅट, ९० कॅडन्स, क्रँक (पेडल ज्याला लागतं तो दांडा) १७२.५ मिमीची. टॉर्क (फिरवणारा जोर) निघतो साधारण २१ न्यूटन-मीटर. त्याला क्रँकच्या लांबीने भागलं की पेडलवरचं सरासरी बल येतं १२३ न्यूटन, म्हणजे साडेबारा किलो. पेडल खाली जाताना मधल्या टप्प्यात ते याच्या दुपटीच्या आसपास जातं, म्हणजे पंचवीस-तीस किलो धरा. हे प्रत्येक पाय तासाला ५४०० वेळा करतो. त्यात जिममध्ये जाऊन हलक्या वजनाच्या आणखी साठ-सत्तर रेप्स घातल्या तर काय फरक पडणार? पाय तेवढे दमतील. पहिला सल्ला इथेच बाद.

आता मोठा गिअर. ३०० वॅट, ६० कॅडन्स धरा. सरासरी बल २८ किलो, जास्तीत जास्त साठ किलोच्या आत-बाहेर. एक पाय मागे बाकावर ठेवून नुसत्या शरीराच्या वजनाने स्क्वॉट मारला तरी ७० किलोच्या माणसाच्या पुढच्या पायावर जवळपास तेवढाच भार येतो, आणि तिथे अजून डंबेल हातात घेतलेलं नाही. मोठ्या गिअरची इंटर्व्हल्स त्यांच्या जागी चांगलीच आहेत, पण त्यांना 'ताकदीचा व्यायाम' म्हणणं म्हणजे नावापुरतं.

फायदा येतो कुठून? तुमची कमाल ताकद वाढली की तोच साडेबारा किलोचा दाब त्या कमाल ताकदीचा लहान हिस्सा होतो. सावकाश दमणारे स्नायुतंतू काम जास्त वेळ ओढतात, लवकर दमणाऱ्यांना उशिरा बोलावलं जातं. म्हणून फरक पहिल्या तासात दिसत नाही, चौथ्या-पाचव्या तासात दिसतो. नॉर्वेचे क्रीडासंशोधक बेंट रॉनेस्टॅड यांच्या गटाने २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. सायकलपटूंनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजनं उचलली. मग १८५ मिनिटं एकसारखी सायकल चालवून शेवटची ५ मिनिटं जीव तोडून मारायची होती. जड वजनं उचलणाऱ्यांची त्या ५ मिनिटांतली पॉवर वाढली, फक्त सायकल चालवणाऱ्यांची नाही. ब्रेव्हेवाल्याला आणखी काय हवं?

दम, म्हणजे व्हीओटूमॅक्स, जिमने वाढत नाही. त्याला सायकलच.

मांड्या फुगण्याचं गणितही करून टाकू. २४० वॅट भागिले ७० किलो, म्हणजे किलोमागे ३.४३ वॅट. समजा एक किलो स्नायू चढलाच, तर तोच आकडा टिकवायला २४३.४ वॅट लागतील. साडेतीन वॅट! आणि आठवड्याला सहा-सात तास सायकल चालवणाऱ्याच्या अंगावर दोन जिममध्ये तेवढा स्नायू सहजासहजी चढत नाही, सायकलच त्याला आवर घालते.

लोखंडी_दांडा:

वरच्याशी सहमत. आता करायचं काय ते लिहितो.

आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी ४५-५० मिनिटं. व्यायाम मोजकेच: स्क्वॉट किंवा एका पायाचा लेग प्रेस, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून कमरेतून पुढे झुकत वजन उचलणं), मागचा पाय बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट, उभ्याने पोटऱ्यांचे रेझ. वरच्या अंगासाठी डंबेल रो आणि पुशअप, पोटा-कमरेसाठी साइड प्लँक आणि डेड बग (पाठीवर पडून विरुद्ध हात-पाय लांबवणं). बास. बायसेप्सचं काय ते तुमच्या हौसेवर.

पहिले तीन आठवडे २ सेट, १० ते १२ रेप्स, आणखी चार-पाच सहज मारता येतील एवढंच वजन. हा काळ सांध्यांसाठी आणि हालचाल बसवण्यासाठी आहे. सायकलवाल्यांची गोची इथेच होते. दम भरपूर असतो, त्यामुळे वजन हलकं वाटतं आणि दुसऱ्याच आठवड्यात दांड्यावर प्लेटा चढतात. फुप्फुसं तयार असतात, पण गुडघ्याची वाटी धरणारी शीर (टेंडन) आणि टाचेची शीर तयार नसते. त्यांना स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो.

चौथ्या ते सातव्या आठवड्यात ३ सेट, ६ ते ८ रेप्स. आठव्यापासून बाराव्यापर्यंत ३ सेट, ४ ते ६ रेप्स, दर सेटला एक-दोन रेप्स शिल्लक ठेवून. खाली जाताना दोन-तीन सेकंद, वर येताना जमेल तेवढ्या वेगाने. वजन जड असल्यामुळे दिसायला ते सावकाशच दिसेल, पण ढकलण्याचा हेतू वेगाचा हवा. सर्व रेप्स नीट झाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा, म्हणजे दांड्याच्या दोन्ही बाजूंना सव्वाची एकेक प्लेट. दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं बसा. सायकलवाल्याला हे बसणं जिवावर येतं, 'हार्ट रेट खाली चाललाय' म्हणून मधे दोरीच्या उड्या सुरू होतात. मग पुढच्या सेटला वजन उचलत नाही आणि सगळ्याचं पुन्हा कार्डिओ होतं.

वॉर्मअपला रिकामा दांडा, २० किलोचा, ८ रेप्स. मग कामाच्या वजनाच्या ६० टक्क्यांवर ५, ८० टक्क्यांवर २. ट्रेडमिलवर वीस मिनिटं घालवू नका.

दिवसांचं सूत्र एकच: कठीण दिवस कठीणच ठेवा, सोपे दिवस सोपे. इंटर्व्हल्स मंगळवारी सकाळी असतील तर जिम मंगळवारी संध्याकाळी, मधे किमान सहा तास. दुसरी जिम गुरुवारी. शुक्रवारी-शनिवारी पायांना हात लावायचा नाही. अंगदुखीचा जोर साधारण ४८ तासांनी असतो, म्हणून शुक्रवारी मारलेला स्क्वॉट रविवारी वसुलीला येतो.

बारा आठवड्यांनंतर आठवड्यातून एकच जिम ठेवा, २ सेट, वजन तेच. कमावलेली ताकद टिकवायला एवढं पुरतं. पूर्ण सोडलं तर दोनेक महिन्यांत बरंचसं गळून जातं. ब्रेव्हेच्या आधीचा शेवटचा जड सेट ८ ते १० दिवस आधी.

पाचचा_ॲलन:

जरा विरुद्ध बाजूने. जिम लावणाऱ्या सायकलवाल्यांपैकी बरेचजण ताकदीसाठी जातच नाहीत. गुडघा दुखतो, कंबर धरते, तळहात बधिर होतात, आणि कोणीतरी सांगतं 'कोअर वीक आहे'. असेलही. पण आधी पाच मिमीची ॲलन की (सीटचे बोल्ट फिरवायची षटकोनी चावी) हातात घ्या.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. तपासायची साधी रीत: क्रँक सीटट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) रेषेत खाली आणा, पेडलवर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा आणि कुल्ला एका बाजूला कलायला नको. मग क्लीट (बूट पेडलला अडकवणारी पट्टी) लावून बसलात की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहतो. किंवा अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंत माप घ्या आणि ०.८८३ ने गुणा. ८० सेंमी असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक फिरते त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंमी. ही सुरुवात समजा, शेवट नाही. बदल एका वेळी ३ ते ५ मिमीचाच करा आणि दोन-तीन राईड थांबा. आधी सीटपोस्टला टेप लावून खूण करा, नाहीतर मागे कुठे होतं ते कळत नाही.

तळहात बधिर होत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. ते सरळ करायला दोन मिनिटं लागतात, प्लँकने ते सुटायला सहा महिने लागतील आणि तरी सुटणार नाही.

दुसरं, वेळ. आठवड्याला एकूण तीन-चार तासच मिळत असतील तर त्यातले दोन जिमला देणं तोट्याचं. तेव्हा घरीच वीस मिनिटं स्प्लिट स्क्वॉट आणि पुशअप पुरेत. धागाकर्त्यांच्या सहा-सात तासांत मात्र दोन जिम बसतात. फक्त जिममधल्या स्पिनिंगच्या वर्गाला जाऊन 'जिम केली' म्हणू नका, ती सायकलच झाली.

मधला_गिअर:

सगळ्यांचे आभार. सीट मोजली, ९ मिमी खाली निघाली! दोन शंका राहिल्या. स्क्वॉटमध्ये मांड्या जमिनीला समांतर होण्याआधीच टाचा उचलल्या जातात आणि कंबर आत गुंडाळली जाते. वजन वाढवू का थांबू? आणि घराजवळच्या जिममध्ये मशीनच जास्त आहेत, स्क्वॉटचा दांडा ठेवायचा रॅक एकच आणि त्यावर कायम रांग. मशीनवर भागेल का?

लोखंडी_दांडा:

थांबा. (९ मिमी एकदम वर करू नका, पाचच्या_ॲलनने लिहिलंय तसं दोन-तीन टप्प्यांत.)

सायकलवर घोटा फार थोडा वाकतो, खुबा पूर्ण उघडत नाही आणि पाठ पुढे वाकलेली असते. वर्षानुवर्षं त्यातच राहिलं की घोटा आखडतो. तपासून बघा: भिंतीपासून चवडा १० सेंमी दूर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर दोष घोट्याचा. दोन्ही टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेटा ठेवून स्क्वॉट मारा आणि डंबेल छातीशी उभं धरा. पुढे धरलेलं वजन तोल सावरतं, त्यामुळे पाठ आपोआप सरळ राहते. कंबर गुंडाळली जाते त्याच्या दोन इंच आधी थांबा. तेवढी खोली सायकलसाठी पुरेशी आहे, पेडलच्या सर्वांत वरच्या टप्प्यातही गुडघा साधारण एवढाच वाकतो.

स्प्लिट स्क्वॉट जवळून सांगतो, कारण तो जवळजवळ सगळेच चुकीचा मारतात. बाक गुडघ्याएवढा किंवा त्याखाली. मागच्या पावलाची वरची बाजू बाकावर, चवडा टेकवून जोर लावायचा नाही. पुढचं पाऊल बाकापासून एवढं लांब की खाली गेल्यावर नडगी थोडीच पुढे झुकेल. भार पावलाच्या मधोमध, अंगठा चिकटलेला. अंगठा सुटला की पाऊल आणि गुडघा रेषेबाहेर जातात, मग दुखणं वाटीच्या बाजूला येतं. कमजोर पायाने सुरुवात करा आणि चांगल्या पायाने तेवढ्याच रेप्स मारा, जास्त नाही.

मशीनवर भागतं. एका पायाचा लेग प्रेस सायकलवाल्यांना उलट सोयीचा, पाठीवर भार नाही. पाठीमागच्या पाट्यावरून कंबर सुटेल एवढं वजन खाली येऊ देऊ नका. लेग एक्स्टेन्शन (बसून नडगीने वजन वर उचलायचं मशीन) वगळलं तरी चालेल. मात्र सगळंच बसून आणि आडवं पडून करू नका, एक तरी व्यायाम उभ्याने, अंगावर वजन घेऊन हवा. रोमानियन डेडलिफ्टला रॅक लागत नाही, दोन डंबेल पुरतात.

चवड्यावर_उभा:

'उभ्याने' हा शब्द अधोरेखित करून ठेवा, त्यात हाडांचा मुद्दा आहे. सायकलवर शरीराचा भार सीट, पेडल आणि हँडलबारने वाटून घेतलेला असतो, जमिनीचा धक्का हाडांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी निघते, तगड्या रेसर्सचीसुद्धा. धावणाऱ्यांना हा त्रास तुलनेने कमी. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं दोन्ही घटायला लागतात, तेव्हा हे वॅटपेक्षा महत्त्वाचं.

स्क्वॉट, डेडलिफ्टशिवाय आठवड्यातून दोनदा ४०-५० उड्या घाला, वॉर्मअपनंतर लगेच, दहा-दहाच्या गटांत. आधी जागेवरच्या छोट्या, महिन्याभराने बुटक्या पाट्यावर चढण्याच्या. उतरताना उडी नको, पाऊल टाकून उतरा. पूर्वी हाड सहज मोडलं असेल किंवा घनता कमी असल्याचं माहीत असेल तर उड्या आणि जड वजनं दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

चेनलाइन_सरळ:

अवांतर, पण राहून गेलं. जिमच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत सायकलवर आकडे खाली येतात. पाय जड, इंटर्व्हल्समध्ये १० वॅट कमी. याच टप्प्यावर बहुतेक लोक जिम सोडतात. त्या काळात इंटर्व्हल्सचा एखादा सेट कमी करा आणि एफटीपीची चाचणी घेऊ नका. आणि रॅक मिळाला की आधी बाजूच्या सेफ्टी पिना तुमच्या सर्वांत खालच्या टप्प्याच्या एक बोट खाली लावा, रिकाम्या दांड्याने एकदा खाली जाऊन बघा, मगच प्लेटा.