व्हॉल्व्हचा ‘गोडवा’ नेमका कशात आहे आणि तो पारखावा कसा?

धरमपेठचा श्रोता

नमस्कार मंडळी. मी नागपुरात राहतो आणि छंद म्हणून ॲम्प्लिफायर बांधतो. सध्या माझ्याकडे दोन आहेत. पहिला ईएल८४ व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हचा), ट्रायोड जोडणीचा (तीन इलेक्ट्रोडच्या नळीसारखा जोडलेला), निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा अंश उलटा करून इनपुटला परत देणे) नसलेला असून तो जेमतेम दीड-दोन वॉट देतो. दुसरा एलएम३८८६ या चिपवर बांधलेला आहे. घरी मित्रमंडळी जमली की बहुतेकांना व्हॉल्व्हवरचे गायन अधिक ‘गोड’ आणि ‘भरलेले’ वाटते, तर दोघेतिघे ठामपणे सांगतात की हा सगळा लालसर उजेडाचा परिणाम आहे. माझ्या कानाला फरक निश्चित जाणवतो. मात्र मोजमापाच्या दृष्टीने चिपचा ॲम्प्लिफायर प्रत्येक बाबतीत सरस असताना असे का व्हावे, आणि मी जे ऐकतो ते खरे आहे की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे. स्पीकर दोन-मार्गी, ८ ओहमचे आहेत. व्हॉल्व्हच्या मंडलात फीडबॅक घालावा की नाही, हाही प्रश्न मनात आहे.

ओहमचा वारकरी

आपल्याला फरक ऐकू येतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी शंका आहे ती त्याचे श्रेय व्हॉल्व्हला देण्याविषयी.

आपल्या मंडलापासूनच सुरुवात करू. ट्रायोड जोडणीतील ईएल८४ चा आंतरिक रोध सुमारे २००० ओहम असतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५००० ओहमांचे ८ ओहम करणारा असेल, तर इम्पिडन्सचे (एसी प्रवाहाला होणाऱ्या रोधाचे) गुणोत्तर ६२५ आणि वेढ्यांचे २५ होते. म्हणजे स्पीकरला मागे वळून पाहिले असता सुमारे ३.२ ओहमांचा स्रोत दिसतो, आणि त्यात वेढ्यांच्या तांब्याचा रोध वेगळा मिळवावा लागतो. चिपच्या ॲम्प्लिफायरमध्ये भरपूर फीडबॅकमुळे हाच आकडा एका ओहमच्या लहानशा अंशावर येतो. आता ‘८ ओहम’ ही स्पीकरवरची केवळ पाटी असते. प्रत्यक्षात दोन-मार्गी स्पीकरचा इम्पिडन्स कुठे ६ ओहमांपर्यंत उतरतो, तर खर्जातील अनुनादापाशी आणि क्रॉसओव्हरच्या (स्पीकरच्या दोन घटकांत आवाज विभागला जातो त्या वारंवारतेच्या) आसपास तो ३० ओहमांपर्यंत चढू शकतो. ३.२ ओहमांचा स्रोत धरून भागाकार केल्यास ६ ओहमांपाशी ३.७ डेसिबल आणि ३० ओहमांपाशी ०.९ डेसिबल घट होते. याचा अर्थ असा की, आपण कोणतेही बटण न फिरवता आपला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर खर्जाचा तो भाग आणि मधला पट्टा इतरांपेक्षा जवळपास २.८ डेसिबल उचलून धरतो. चिपवर हा चढउतार ०.१ डेसिबलही नसतो. ‘भरलेला आवाज’ ज्याला म्हणतात त्यातला मोठा वाटा इथेच आहे, असे माझे मत आहे. आणि स्पीकर बदलले की हा वाटाही बदलतो, म्हणून ‘अमुक व्हॉल्व्हचा आवाज असा असतो’ ही विधाने मी फारशी मनावर घेत नाही.

आपल्या यंत्राचा आउटपुट इम्पिडन्स मोजणे अवघड नाही. आवाज अगदी कमी ठेवून ४०० हर्ट्झचा सूर द्यावा, काहीही न जोडता व्होल्टेज पाहावे आणि मग ८ ओहमचा रोधक जोडून पुन्हा पाहावे. पहिले १.४० व्होल्ट आणि दुसरे १.०० व्होल्ट आले, तर उत्तर ३.२ ओहम. (पूर्ण आवाजावर व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मोकळा ठेवू नये, ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते.)

त्यानंतरचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. चिपच्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर ३.३ ओहम, १० वॉटचा वायर-वाउंड रोधक एकसर जोडावा. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) तो काही रुपयांत मिळतो. मग दोन्ही यंत्रे पुन्हा जुळवून ऐकावीत. निम्म्याहून अधिक ‘गोडवा’ चिपमधून येऊ लागला, तर वादाचा मोठा भाग तिथेच मिटेल. याच दिशेचा प्रसिद्ध प्रयोग बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील ‘स्टिरिओफाइल’ नियतकालिकासाठी केला होता. दोन ॲम्प्लिफायरांचे आउटपुट एकमेकांतून वजा करत त्यांनी आपला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरशी इतका जुळवला की, संपादकांना ऐकून दोहोंत भेद करता आला नाही.

जुळवणीबाबत मात्र कठोर राहावे लागेल. एक यंत्र अर्धा डेसिबल जरी मोठे वाजत असेल, तरी श्रोता ‘मोठे’ म्हणत नाही, तो ‘अधिक जिवंत’ म्हणतो. कानाने आवाज जुळवणे येथे निरुपयोगी आहे. स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून दोन्ही यंत्रे ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास आणावीत. ४०० हर्ट्झचा सूर यासाठी सुचवतो, कारण साधे मल्टिमीटर वरच्या वारंवारतांना नीट मोजत नाहीत. मग एकाने पडद्याआड बसून नाणे उडवून यंत्र निवडावे आणि दुसऱ्याने फक्त ऐकून ओळखावे. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा उत्तर बरोबर आले, तर ते निव्वळ अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी असते. अदलाबदल करताना ज्या क्षणी व्हॉल्व्हचा स्पीकर सुटतो, त्या क्षणी त्यावर ८ ओहमचा रोधक येईल अशी स्विचची जोडणी करावी.

एक स्थानिक सूचना. हे सर्व मे महिन्यात कूलर चालू ठेवून करू नये. पंख्याच्या घरघरीत तंबोऱ्याची आसच बुडते, तिथे सूक्ष्म फरकांची काय कथा!

इतवारीचा जुना कारागीर

भाऊ, वरील गणित योग्य आहे, फक्त त्यात ट्रान्सफॉर्मर राहिला. सिंगल-एंडेड मंडलात ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून सतत डीसी वाहतो, म्हणून त्याच्या पत्र्यांमध्ये हवेची फट ठेवावी लागते आणि फट ठेवली की इंडक्टन्स कमी होतो. लहान गाभ्यावर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर खर्जात आधी मऊ होतो आणि मग विरूपण करतो (तरंगाचा मूळ आकार बिघडवतो). पुष्कळांना जो ‘गुबगुबीत’ खर्ज आवडतो तो याचाच असतो. पखवाज ऐकून पाहा. धुमाचा (डाव्या तोंडाचा) घाव गोल झाला, तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे लोखंड कमी पडले असे समजा.

दुसरे असे की, आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी सगळे कूलर एकदम सुरू झाले की पुरवठा उतरतो. २३० चे २०५ व्होल्ट झाले, तर ६.३ व्होल्टचा हीटर ५.६ वर येतो आणि हाय टेन्शनही (व्हॉल्व्हला लागणारे उच्च डीसी व्होल्टेजही) त्याच प्रमाणात घसरते. चिपच्या ॲम्प्लिफायरचा आवाज फीडबॅकमुळे तसाच राहतो, फक्त कमाल ताकद घटते. व्हॉल्व्हचा मात्र कार्यबिंदूच (तो ज्या प्रवाह-व्होल्टेजवर चालतो तोच) सरकतो. म्हणून ऐकण्याच्या वेळचे मेन्सचे व्होल्टेज वहीत लिहून ठेवा, किंवा स्टॅबिलायझर लावा.

बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रिसिव्हिंग व्हॉल्व्ह तयार होऊ लागले आणि आमच्या पिढीचे हात त्यांवरच बसले. तेव्हापासूनचा एक नियम सांगतो. हाय टेन्शनच्या कपॅसिटरवर ब्लीडर रोधक (साठलेला विद्युतभार वाहून नेणारा) असलाच पाहिजे, आणि तो असला तरी यंत्र बंद केल्यावर मीटर लावून खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचे नाही.

सिव्हिल लाइन्सची रसिक

वरील दोन्ही उत्तरांत विरूपणाला अगदीच कमी जागा मिळाली. मला वाटते, आपल्या मंडळींनी ‘गायन’ गोड म्हटले, ‘वाद्यवृंद’ म्हटले नाही, यात अर्थ आहे.

एकेरी ट्रायोडचे विरूपण मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकचे (मूळ स्वराच्या दुप्पट वारंवारतेचे) असते. मध्य षड्जाचा दुसरा हार्मोनिक तार षड्ज, तिसरा तार पंचम. हे दोन्ही तंबोऱ्यात आधीच भरपूर असल्यामुळे कानाला ते परके वाटत नाहीत. याहून महत्त्वाचे आहे ते दोन स्वर एकत्र वाजल्यावर होणारे मिश्रण. षड्ज २४० हर्ट्झ धरू. तंबोऱ्याचा षड्ज चालू असताना गायिका ३६० च्या पंचमावर थांबली, तर अशा ॲम्प्लिफायरमध्ये त्यांची वजाबाकी १२० आणि बेरीज ६०० हर्ट्झ क्षीणपणे उमटते. १२० म्हणजे मंद्र षड्ज आणि ६०० म्हणजे तार सप्तकातील शुद्ध गंधार, जो चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू म्हणून ऐकू येतोच. यंत्राची चूक इथे रागाच्या चौकटीत बसते!

आता त्याच यंत्रावर हार्मोनियमचे षड्ज-गंधार एकत्र धरा. समविभाजित गंधार ३०२.४ हर्ट्झवर येतो, वजाबाकी ६२.४ होते आणि अतिमंद्र षड्ज तर ६० वर असतो. हा फरक हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याहून अधिक आहे. पट्ट्या वाढतील तसे असे उपरे स्वर वाढत जातात आणि आवाज गढूळ होतो. वसंतराव देशपांडे सभागृहात प्रत्यक्ष ऐकलेल्या वाद्यमेळाची स्पष्टता मला अशा लहान व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर कधीही मिळालेली नाही.

ट्रान्झिस्टरच्या बाजूनेही हे सांगायला हवे की, ‘कोरडा आवाज’ ही तक्रार पूर्वी निराधार नव्हती. क्लास एबी (दोन ट्रान्झिस्टर तरंगाचे दोन भाग वाटून घेतात अशा) आउटपुटचा बायस (संकेत नसतानाही वाहणारा प्रवाह) कमी ठेवला, तर तरंग शून्याला ओलांडताना खाच पडते आणि तिच्यातून वरच्या क्रमांचे विषम हार्मोनिक येतात, जे हळू आवाजात प्रमाणाने अधिक टोचतात. सातवा हार्मोनिक तर कोमल निषादाच्याही खाली, बेसूर पडतो. रात्री हळू आवाजात गाणे लावणाऱ्यांनी जुन्या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांना नावे ठेवली, ती यामुळे. नीट बांधलेल्या एलएम३८८६ ला हा आरोप लागू होत नाही.

धरमपेठचा श्रोता

सर्वांचे आभार. रोधकाचा प्रयोग थंडी पडल्यावर, स्टॅबिलायझर लावून करतो. फीडबॅकचा प्रश्न मात्र उरला आहे.

ओहमचा वारकरी

५-६ डेसिबल घालून पाहावा आणि तो स्विचने काढता-घालता येईल असा ठेवावा. आउटपुट इम्पिडन्स आणि विरूपण दोन्ही साधारण निम्म्यावर येतील. संवेदनशीलताही तेवढीच घटेल, म्हणून पुढच्या ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या टप्प्यात तेवढा वाव आहे का ते आधी पाहावे. फीडबॅक जोडताच यंत्र ओरडू लागले, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची दोन टोके, यंत्र बंद करून आणि कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करून, आपसात बदलावीत. त्यानंतर ऑसिलोस्कोपवर १० किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग पाहावा. कोपऱ्यावर एखादी लहर उठून लगेच शमत असेल तर चालेल, पण ती लांबत असेल तर फीडबॅकच्या रोधकाला समांतर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून ती आटोक्यात आणल्याशिवाय स्पीकर जोडू नये. आणि तुलना करताना फीडबॅकच्या दोन्ही स्थितींत आवाजाची पातळी नव्याने जुळवावी लागेल.