बिझनेस जेटमध्ये पूर्ण स्टॉलचा सराव हवेत करावा का?

डावी_सीट
माझं मत: नाही. स्टॉल म्हणजे पंख समोरच्या हवेला फार तिरके होऊन त्यांची उचल तुटणं. हवेतला सराव शेकरपाशी, म्हणजे स्टॉल जवळ आला की कॉलम (नियंत्रणाचा दांडा) थरथरवणाऱ्या इशाऱ्यापाशी थांबावा. कॉलम थरथरला की नाक खाली, पंख सरळ, मग लागेल तेवढा थ्रस्ट (इंजिनाचा जोर). त्यापुढचं सगळं सिम्युलेटरमध्ये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत, युटा राज्यात एक हॉकर ९००एक्सपी बिझनेस जेट पडलं. मेंटेनन्सनंतरची स्टॉल चाचणी होती, दोन्ही पायलट गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मिशिगनमध्ये हॉकर ८००एक्सपी, तशाच चाचणीसाठीचं उड्डाण, तिघे गेले.

सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानात कॅडेट रोज स्टॉल करतात, म्हणून जेटमध्येही चालेल असं कोणी म्हणू नये. इथे इंजिनं मागे आणि शेपूट बहुधा टी आकाराची, म्हणजे आडवा भाग वर बसवलेली. नाक फार वर गेलं की पंखामागची विस्कटलेली हवा नेमकी शेपटीवर येते आणि एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीतल्या पट्टीचा) जोरच जातो. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात मोहावीजवळ चॅलेंजर या बिझनेस जेटच्या प्रोटोटाइपला यासाठीच शेपटीत पॅराशूट दिलं होतं. ते उघडलं, विमान अशा डीप स्टॉलमधून निघालंही, पण पॅराशूट विमानापासून सुटेना. दोघांनी उड्या मारल्या, एक पायलट विमानाबरोबर गेला. ही माणसं टेस्ट फ्लाइंगवाली होती, तयारीनिशी गेलेली.

उलटा_वारा
पूर्ण असहमत. शेकरपाशी थांबायला शिकवलं, त्याचीच किंमत अमेरिकेत बफेलोला २००९ मध्ये मोजली गेली. कोल्गन एअरलाइनच्या क्यू४०० प्रवासी विमानात शेकर लागल्यावर कॅप्टनने कॉलम मागे ओढला. पुशरने (स्टॉल टाळायला कॉलम आपोआप ढकलणारी यंत्रणा) तो पुढे ढकलला, तरी कॅप्टन ओढतच राहिला. ५० माणसं गेली. पुशरचा धक्का कसा लागतो हे त्या कंपनीच्या प्रशिक्षणात दाखवतच नव्हते.

सिम्युलेटर जमिनीला बोल्ट केलेला असतो हो. पोट वर येणं, एक पंख अचानक गळणं, रिकव्हरीत अंगावर चढणारा जी (अंग जड करणारा जोर), यातलं किती मिळतं तिथे? जीव जाणार नाही हे माहीत असलेला माणूस कॉलम बरोबरच ढकलतो.

डावी_सीट
बफेलोचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. पुशर सिममध्ये दाखवा, पुन्हा पुन्हा दाखवा. पूर्वी ‘उंची गमावू नका, पॉवर द्या’ असं घोकून घेत, म्हणून नाक खाली जायला हात धजत नसे. आता आधी अँगल ऑफ अटॅक (पंखाचा समोरच्या हवेशी कोन) कमी करा, उंची गेली तर जाऊ द्या, असं शिकवतात. अमेरिकेत २०१९ पासून एअरलाइन पायलटना सिममध्ये पूर्ण स्टॉल सक्तीचा आहे. चार्टर आणि खासगी जेटवाल्यांना ती सक्ती नाही. भांडायचं तर त्यासाठी भांडू.

हँगरमधून
मी एअरफ्रेमवाला, विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा. तुम्ही दोघं सरावावर बोलताय, हॉकरची चाचणी मात्र ऐच्छिक नाही. या विमानाच्या पंखाच्या लीडिंग एजवर बारीक छिद्रांचे पॅनल असतात, त्यातून बर्फ रोखणारं द्रव झिरपतं. ते काढून परत बसवले की स्टॉल तपासावाच लागतो. पॅनल किंचित उंच बसला तरी त्या बाजूचा पंख आधी उचल सोडतो. तळहात फिरवला तर कधी कळतं, कधी नाही. आणि मॅन्युअलच म्हणतं की ही चाचणी या जातीच्या विमानात आधी स्टॉल केलेल्या पायलटनेच करावी. डावी_सीट, तुमच्या नियमाने तो पायलट तयार कुठे होणार? मालकाला विमान उद्या हवं असतं, मग रोजचेच पायलट घेऊन जातात. मला त्या माणसांची काळजी वाटते.

उलटा_वारा
हेच म्हणतोय! भरपूर उंची, खाली ढग नकोत, पंखावर बर्फाचा कण नको, शेजारी जाणता इन्स्ट्रक्टर. आणि त्याआधी प्रत्येक जेट पायलटला एक्स्ट्रा ३०० सारख्या एरोबॅटिक (कसरतीच्या) विमानात अपसेट ट्रेनिंग, म्हणजे विमान बिघडल्या स्थितीतून सावरायचा सराव.

डावी_सीट
एक्स्ट्रा ३०० मान्य, शंभर टक्के. ते विमान त्यासाठीच बांधलंय, पाठीला पॅराशूटही असतं. पण हॉकरमध्ये इन्स्ट्रक्टर शेजारी असला म्हणून नीट न बसलेला पॅनल सरळ होत नाही.

हँगरमधून, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: ही चाचणी मोजक्या, त्याच कामाच्या पायलटांकडेच द्यावी आणि त्यांचा खर्च मेंटेनन्सच्या बिलातच धरावा. तो पायलट मिळेपर्यंत विमान हँगरमध्ये राहील. मालक रागावला तरी.

हँगरमधून
बिलात धरायचं मान्य. पण असे पायलट आहेतच किती? मिळाला नाही म्हणून विमान महिनाभर उभं राहिलं, तर विमान उडायला ठीक आहे अशी सही करायचा दबाव माझ्यावर येतो, तुमच्यावर नाही.